फिलिपिन्सच्या पत्त्यात 'बरांगाय' लिहितात, ते गाव असतं की वॉर्ड?

बहिणीच्या हॉस्टेलच्या पत्त्यात हा शब्द दिसला म्हणून तुम्ही विचारलंय. उत्तर आहे, दोन्ही. डोंगरातलं खेडं असो की मनिलातल्या दोन-चार गल्ल्या, सरकारदरबारी दोघांनाही बरांगायच म्हणतात. देशभरात अशी ४२ हजारांवर आहेत.

मी दक्षिणेकडच्या दावाओ शहरात डॉक्टरकी शिकायला होतो. खोली घेतल्यावर घरमालकीणबाईंनी पहिलं काम सांगितलं, बरांगायचा दाखला आण. कचेरीला लागून बास्केटबॉलचं मैदान, आत पंख्याखाली बसलेल्या गृहस्थांना सगळे 'काप' म्हणत होते. काप म्हणजे कॅप्टन, कागदोपत्री 'पुनोंग बरांगाय'. आपला सरपंच समजा, थेट मतदानानं निवडलेला. सोबत सात निवडून आलेले 'कागावाद', म्हणजे सदस्य, आणि तरुणांच्या परिषदेचा अध्यक्ष. या परिषदेला १५ ते ३० वयाची मुलं मत देतात आणि बरांगायच्या सर्वसाधारण निधीतले १० टक्के तिच्यासाठी राखलेले असतात. हे मला फार आवडलं होतं. शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं भांडणही कोर्टात नेण्याआधी बहुतेक वेळा इथल्या 'लुपोन'पुढे, म्हणजे समेट घडवणाऱ्या मंडळींपुढे न्यावं लागतं. तिथे वकिलाला मज्जाव!

आता नावाची गोष्ट. कुणालाही विचारा, 'बालांगाय' या होडीवरून आलं असंच सांगतील. १५८९ मध्ये हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं लिहून ठेवलं की तागालोग लोक होड्यांतून आले, होडीचा नायकच वस्तीचा 'दातू', म्हणजे प्रमुख, झाला आणि होडीचं नाव वस्तीला चिकटलं. एकेका वस्तीत ३० ते १०० घरं. बुतुआनला जुन्या बालांगाय होड्या जमिनीतून निघाल्या आहेत, त्यामुळे होडी खरीच. पण पाद्रीबुवा तागालोगांबद्दल बोलत होते, साऱ्या द्वीपसमूहाला तीच कथा लावणं मला जरा ओढूनताणून वाटतं.

स्पॅनिश राजवटीत त्याच दातूंचे 'काबेसा दे बरांगाय' झाले, काम मुख्यतः कर गोळा करण्याचं. पुढे खेड्याला 'बारियो' म्हणायची पद्धत पडली. मग आजचं नाव कुठून आलं? तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्याकडून. लष्करी कायदा लागू असताना १९७२ च्या ३१ डिसेंबरला त्यांनी हुकूम काढून नागरिक सभा स्थापल्या, त्यांनाच बरांगाय म्हटलं जाऊ लागलं. जानेवारी १९७३ मध्ये याच सभांत हात वर करून घेऊन नवी राज्यघटना 'मंजूर' झाली. आणि २१ सप्टेंबर १९७४ च्या हुकमानं देशातली सगळी बारियो बरांगाय झाली. मार्कोस गेले, नाव राहिलं. १९९१ च्या स्थानिक स्वराज्य कायद्यातही तेच आहे.

एकेका बरांगायची नावं मात्र काहीही असतात. कुठे संत, कुठे झाड, आणि शहरात नुसते आकडे. दावाओतच मध्यवस्तीत १-ए पासून ४०-डी पर्यंत आकडे आणि अगदाओ भागात जुन्या पुढाऱ्यांची नावं, त्यात माजी राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्तेंचे वडील गव्हर्नर विसेंते दुतेर्तेसुद्धा. हयात माणसाचं नाव द्यायला कायद्यानं बंदी आहे, नाव बदलायचं तर दहा वर्षांतून एकदाच. मनिलाला लागून असलेल्या कालोओकान शहराचं 'बागोंग सिलांग' (अर्थ: नवजात) कागदावर बरांगाय १७६ होतं. २०२० च्या जनगणनेत तिथे २,६१,७२९ लोक होते, देशातलं सर्वांत मोठं बरांगाय. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांचा कौल घेऊन त्याचे सहा तुकडे केले. त्यांना मिळालेली नावं? १७६-ए ते १७६-एफ.

तेव्हा बहिणीला पार्सल पाठवाल तर बरांगायचा आकडा आणि पुढचं अक्षर गाळू नका.