'गावाला गेला' म्हणू नको

तुझा मेसेज साडेअकराला वाचला आणि उठून बसलो. तुमच्याकडे तलावावर बैल धुताना एक पोरगा गेला हे दुपारीच कळलं होतं, पण तो तुझ्या शेजारचा, तुझ्या पोट्ट्याला खांद्यावर घेऊन गावभर फिरणारा, हे आत्ता समजलं. त्याच्याबद्दल काही लिहीत नाही. सतरा वर्षाचं पोर, काय लिहायचं.

लिहून राहिलो ते तुझ्या शेवटच्या ओळीसाठी. पोराला सांगितलं दादा गावाला गेला, उद्या पोरांचा तान्हा पोळा आहे, सण झाल्यावर बघू, बरोबर केलं ना काका?

नाही केलं. चुकलं तुझं.

कोणत्या गावाला गेला रे? एस्टी जाते का तिथं? उद्या पोरगा विचारेल कधी येते, मग काय सांगशील, दिवाळीला? तूच लिहिलंस की काल खांदशेकणीला त्या दादानंच याच्या हातानं बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं बैलाच्या कानात म्हणायला लावलं. आणि आज बैल तलावावरून अर्धेच धुतलेले परत आले, शिंगांना बेगड नाही, अंगावर झूल नाही, पोळा भरतो त्या आखरावर तोरण बांधलेलं तसंच, झडतीचं एक गाणं कोणी म्हटलं नाही, घरी पुरणपोळ्या झाकून ठेवल्या आणि बाया कुजबुजून राहिल्या. पाच वर्षाच्या लेकराला हे दिसत नाही असं वाटतं तुला? त्याला सगळं दिसलं, फक्त नाव माहीत नाही. नाव तू सांग. तो मेला असं सांग. हाच शब्द वापर.

आता मी हे एवढं टाहो फोडून का सांगतो ते ऐक, तुला हे कधी सांगितलं नाही.

२०११ चा पोळा. तेव्हा फाट्यावर माझं कृषी केंद्र चालत होतं, तू तिथं काउंटरवर बसून भजे खायचास. माझी पोट्टी सहा वर्षाची. आमच्या ओळीतला एक माणूस, त्याची पोरगी हिच्याच वर्गात, पोळ्याच्या दोन दिवस आधी माझ्याकडून उधारीवर फवारणीचं औषध घेऊन गेला. कपाशीवर मावा-तुडतुडे होते. मोनोक्रोटोफॉस, आणि सोबत दुसरं एक, दोन्ही मिळवून मार म्हणून मीच सांगितलं. बाटलीवर लाल त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल. मी रोज विकायचो, मलाच त्या त्रिकोणाचं काही वाटत नव्हतं तर त्याला काय वाटणार. तोंडाला दुपट्टा, पायात चप्पल, पाठीवर गळका पंप, वारा तोंडावर. पोळ्याच्या आदल्या दिवशी फवारणी केली, संध्याकाळपासून घाम, तोंडाला फेस, डोळ्यापुढे अंधारी. दवाखान्यातून त्याच्या भावाचा फोन आला, औषध कोणतं होतं, मी लगेच नाव सांगितलं. एवढं तरी केलं मी, हे लिहून ठेवतो. पोळ्याच्या रात्री तो गेला.

घरी पाव्हणे, पुरण शिजून राहिलं. माझी माय म्हणाली लेकराचा सण कायले नासवतं. मला तेच पाहिजे होतं. पोट्टीला काही सांगितलं नाही, मित्राकडे जातो म्हणून दवाखान्यात जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तान्हा पोळा. माझं लक्ष नाही, बायको चुलीपाशी, आणि पोट्टीनं आपला लाकडी नंदी घेतला, चाकं करकरत, गळ्यात झेंडूची माळ, आणि सरळ मैत्रिणीच्या दारात. बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागायला. अंगणात बाया बसलेल्या, मयत अजून यवतमाळवरून यायची होती. ही नंदी घेऊन मधोमध उभी, हसून राहिली. कोणी काही बोललं नाही. त्या माणसाची म्हातारी माय उठली, कमरेची पिशवी सोडली, दहाची नोट काढली आणि नंदीच्या शिंगात अडकवली. "घे माय," म्हणे.

पोट्टी नोट घेऊन नाचत घरी आली.

मग मीही तेच म्हटलं जे तू म्हटलंस. तिचे बाबा देवाच्या गावाला गेले. पुढचे तीन-चार महिने मी माल आणायला यवतमाळला निघालो की गाडीची चाबी सापडायची नाही. एकदा बायको भाकरी टाकायला बसली तर पिठाच्या डब्यात हाताला चाबी लागली. गावाला गेलेला बाप परत येत नाही हे तिनं आपल्या डोक्यानं लावलं होतं, तर तिचं काय चुकलं? मी चिडलो, एक थापडही मारली. ते अजून हातात आहे.

म्हणून सांगतो, खरं सांग. लेकराला खरं सांग, मग रडू दे, मग जेवू दे, मग खेळूही दे.

आता तुला वाटेल काकानं पोट्टीसाठी लपवलं, चूक झाली, माणूस आहे. तसं नाही राजा. पोट्टीसाठी लपवलंच नव्हतं. गावात दोन दिवसात सुरू झालं की त्यानं औषध घेतलं. आपल्याकडे तुला माहीत आहे, कास्तकार औषधानं मेला की "घेतलं" हाच शब्द पहिला तोंडात येतो. त्यानं घेतलं नव्हतं, मारलं होतं, कपाशीवर, आणि हे सगळ्यात पक्कं मला माहीत होतं. चावडीवर दोन वाक्य बोललो असतो तर त्याच्या पोरीला शाळेत ते ऐकावं लागलं नसतं. नाही बोललो. दुकानाचं लायसन होतं, उधारीची वही होती, आणि कोणी मोजतही नव्हतं तेव्हा. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता २० च्या वर माणसं गेली, कपाशी माणसाच्या डोक्यावर वाढली होती त्या वर्षी, फवारा वरूनच अंगावर, तेव्हा कुठं पेपरवाले, चौकशी, हातमोजे-चष्मे वाटप. त्याच वर्षी मी दुकान बंद केलं. लोक समजतात धंदा बसला. समजू दे.

आणि तरी सांगतो, मी एकटाच होतो का? कंपनीचा माणूसही तेच मिश्रण सांगायचा, जिल्हाभर सगळे दुकानदार तेच विकत होते. बरं, जाऊ दे. रात्री बारानंतर माणूस आपलीच वकिली करत बसतो.

पोट्टी दहावीत असताना एकदा ताटावर बसून म्हणाली, "बाबा, तुमाले मालूम होतं ना त्या दिवशी?" मी हो म्हटलं. ती जेवत राहिली. आता अमरावतीला शिकते, मी निघालो की अजून विचारते, कुठं जाता, कधी येता, आणि मी बरोबर वेळ सांगतो, दहा मिनिटंही उशीर झाला तर फोन करतो.

उद्या तुमच्या गावात तान्हा पोळा भरला नाही तरी कारण पोरगा तुलाच विचारेल. सकाळी पोट्टे "घेऊन जाय गे मारबत" ओरडत निघायच्या आधी उठ. बायको नको म्हणेल, माझीही म्हणाली असती. पोराला मांडीवर घे, सांग की दादा पाण्यात बुडाला आणि मेला, तो आता येणार नाही. तो म्हणेल बैल कसे आले मग. म्हणेलच. बैलाला पोहता येते म्हणून सांग. मग हात धरून त्या घरी घेऊन जा, नंदी घरी ठेव. पण त्यानं हट्ट धरला की दादाला नंदी दाखवायचा आहे, तर नेऊ दे.

मी नऊच्या गाडीनं निघतो. साडेदहापर्यंत पोचतो.