पीसीएम अडॅप्टर घेतलात? आधी व्हीसीआर तपासा

पीसीएम अडॅप्टर म्हणजे डिजिटल रेकॉर्डिंगची पेटी: तो आवाजाचे आकडे करतो आणि ते चित्र म्हणून व्हीसीआरच्या (व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरच्या) टेपवर पाठवतो. टीव्ही जोडून बघाच: पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची थरथरती जाळी दिसेल. तुमचं गाणं ते! म्हणून चित्र ‘सुधारणारी’ शार्पनेससारखी सगळी बटणं बंद ठेवा. ड्रॉपआउट कॉम्पेन्सेटर बंद करता आला तर आवर्जून करा. टेपवर खाडा आला की तो चित्रातली आधीची ओळ पुन्हा चिकटवतो. डोळ्याला ते खपतं, पण अडॅप्टरला ती ओळ खरीच वाटते, चूक सापडत नाही आणि कानाला ‘टक्’ ऐकू येतं.

वेग एसपीच (व्हीसीआरचा नेहमीचा, जलद वेग). हेड, म्हणजे टेप वाचणारे-लिहिणारे भाग, स्वच्छ हवेत.

सोनीच्या पीसीएम-एफ1 अडॅप्टरवर 14 आणि 16 बिटचा (आवाज किती बारकाईने मोजायचा याचा) खटका आहे. 16 चा मोह होतो, पण ते जादा बिट चूकदुरुस्तीच्या जागेतूनच काढलेले असतात. टेप थकलेली असेल तर मी 14 च घेतो.

लेव्हल (रेकॉर्डिंगची पातळी) मात्र जपून. साध्या कॅसेटवर काटा थोडा लाल भागात गेला तरी चालायचं. इथे मीटरवर शून्य ओलांडलं की आवाज सरळ फाटतो. सर्वांत मोठा सूर आधी वाजवून बघा, मगच रेकॉर्डचं बटण दाबा.