रॅपिडमध्येच पिस्तूल का अडकतं?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, 25 मीटर स्पोर्ट्स पिस्तूल खेळते. पॉइंट टू-टू पिस्तूल वापरलेलं घेतलंय. प्रिसिजनला, म्हणजे सावकाश नेम धरायच्या टप्प्यात नीट चालतं, रॅपिडला, म्हणजे झटपट मारायच्या टप्प्यात मात्र दर दोन-तीन मालिकांत एकदा अडकतं. कधी उडालेल्या गोळीची रिकामी पुंगळी आतच राहते, कधी ट्रिगर ओढला तरी गोळी उडत नाही. ओळखीचे एक जण स्प्रिंग थोडी कापून देतो म्हणतात. करावं का?
– एक पालक, सांगली

उत्तर : अजिबात नको. या पिस्तुलात स्फोटाच्या क्षणी बोल्टला, म्हणजे गोळीमागच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, धरून ठेवतं ते त्याचं वजन आणि ती स्प्रिंग. ती कापली की बोल्ट जोरात मागे आदळतो, आणि पुढची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ती बसते त्या जागेत, ढकलायला जोर उरत नाही. शिवाय हत्याराची दुरुस्ती परवानाधारक माणसानेच करायची, असा कायदा आहे.

आधी मॅगझिन बघा. टू-टूच्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर ते पुढे सरकतच नाही. प्रत्येक गोळी भरताना कड पुढेच आहे ना, हे मुलीने बोटाने चाचपावं. मॅगझिनवर नेलपॉलिशने 1, 2 असे आकडे टाका. माझ्याकडच्या एका मुलीचे सगळे जॅम दोन नंबरच्याच मॅगझिनचे निघाले; त्या मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्ट्या, किंचित फाकले होते. तीन आठवडे आम्ही पिस्तुलालाच दोष देत होतो.

मग चेंबर. या गोळ्या मेण किंवा ग्रीस लावलेल्या शिशाच्या. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून चेंबरच्या तोंडाशी टॉर्च धरा, काळं-राखाडी कडं दिसेल. ते ब्रशने काढा. पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालचा कचरा टोकदार लाकडी काडीने काढा. पुंगळी आत राहण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. चेंबरमध्ये तेल नको, बोल्ट सरकतो त्या रेल्सवर एकेक थेंब पुरे.

गोळी न उडाल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच ती काढायची. तिच्या कडेवर ट्रिगर ओढल्यावर आपटणाऱ्या पिनची खूण बघा. रिमफायरमध्ये, म्हणजे कडेवर पिन आपटून उडणाऱ्या अशा काडतुसात, पेटणारं मिश्रण त्या पोकळ कडेत पसरवलेलं असतं. खूण खोल असूनही गोळी उडाली नसेल, तर त्या जागी मिश्रण कमी पडलं असावं. दुसऱ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या उत्पादन-तुकडीचा डबा वापरून बघा. खूण उथळ असेल तर पिनभोवती घाण आहे, किंवा पिन झिजली आहे. रिकाम्या पिस्तुलाचा सराव पिस्तुलातल्या ड्राय फायरिंगच्या (गोळीविना ट्रिगर ओढायच्या) सोयीनेच करू द्या, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आपटते.

रॅपिडमध्ये दर गोळीला लक्ष्य तीन सेकंदच दिसतं, मग सात सेकंद विश्रांती. घाईत मनगट सैल पडलं तरी बोल्ट पूर्ण मागे जात नाही, म्हणून तिची पकडही प्रशिक्षकांना बघू द्या.

स्पर्धेत अडकलं तर मोकळा हात वर करून थांबायचं, पिस्तूल तसंच धरून ठेवायचं, त्याच्याशी खटपट करायची नाही. एका राज्य स्पर्धेत घाबरून मी स्वतःच बोल्ट ओढला. बिघाड ग्राह्य धरला गेला नाही, आणि राहिलेल्या दोन गोळ्यांचे शून्य गुण मिळाले. तो फलक आजही डोळ्यांसमोर आहे. मुलीला हे सरावातच करायला लावा, म्हणजे हात आपोआप वर जाईल.

दोनशे गोळ्यांची वही ठेवा : मॅगझिनचा नंबर, गोळीचा लॉट, काय झालं. ती पाठवा, मग स्प्रिंगचं बोलू.