‘झोपू दे, सकाळी उतरेल’

ऑगस्टमध्ये सेमिस्टर सुरू झालं की माझ्याकडे दरवर्षी त्याच जातीचे प्रश्न यायला लागतात. मी अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीच्या हेल्थ सेंटरमध्ये काम करते, त्याआधी बरीच वर्षं इमर्जन्सी रूममध्ये नर्स होते, त्यामुळे शनिवारी रात्री दोन वाजता स्ट्रेचरवरून येणारी एकोणीस-वीस वर्षांची पोरं पुष्कळ बघितलीयेत. यावेळी आलेल्यातले काही प्रश्न घेतलेत, नावं अर्थातच काढून टाकलीयेत.

मुलगी यंदा फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. ओरिएंटेशनला ‘मेडिकल ॲम्नेस्टी’ असं काहीतरी सांगत होते. मला तर वाटलं हे पोरांना प्यायची परवानगीच देतायत की काय! नेमकं काय आहे ते? – एक आई, न्यू जर्सी

परवानगी नाही हो. इथे प्यायचं वय 21, ते 1984 च्या फेडरल कायद्यामुळे सगळ्या राज्यांना पाळावंच लागतं, नाहीतर हायवेचा निधी कापतात. म्हणजे डॉर्ममधली बहुतेक पोरं प्यायली की नियम मोडतातच, आणि त्यांना ते माहीत असतं. आता समजा रात्री मैत्रीण आडवी झाली, उठत नाहीये, खोलीत बाटल्या पडल्यात, आणि खोलीतले बाकीचे चौघंही प्यायलेले. अशा वेळी पोरं 911 (इथला इमर्जन्सीचा नंबर) लावायच्या आधी विचार काय करतात, तर आपण अडकू का, हिला काढून टाकतील का, घरी कळेल का. ह्या विचारात जी वीस मिनिटं जातात ना, ती वाचवायला ॲम्नेस्टी आहे. मदत बोलावलीत तर प्यायल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई नाही, एवढाच तो सौदा.

पण यात दोन थर आहेत आणि लोक हमखास गल्लत करतात. एक कॉलेजचा स्वतःचा नियम, दुसरा राज्याचा कायदा. कॉलेजांमध्ये कॉर्नेलचं नाव नेहमी निघतं, त्यांनी 2002 मध्ये हा नियम आणला. ड्रग ओव्हरडोससाठी असा कायदा पहिल्यांदा न्यू मेक्सिकोने केला, 2007 मध्ये, न्यूयॉर्कचा 2011 चा, मिशिगनने 2012 मध्ये एकवीसच्या आतल्या पिणाऱ्यांसाठी केला. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. कुठे फोन करणारा आणि आजारी दोघंही सुटतात तर कुठे सगळं फोन करणाऱ्यापुरतंच असतं, कुठे फक्त दारू तर कुठे ड्रग्जही, आणि काही ठिकाणी तर आधी एकदा ही सवलत वापरली असेल तर पुन्हा नाही. तीन अटी मात्र बहुतेक ठिकाणी दिसतात, स्वतः फोन करायचा, माणसाजवळ थांबायचं, आणि आलेल्या लोकांना सहकार्य करायचं. फोन करून पळून गेलात तर सवलतही गेली. मुलीच्या कॉलेजचा नियम स्टुडंट हँडबुकमध्ये सापडेल, पानभरच असतो, एखाद्या रविवारी दुपारी फोनवर दोघींनी मिळून वाचून काढा.

ताई, आमच्या ग्रुपमधला एकजण पार्टीत पार आउट झाला होता. आम्ही त्याला उचलून आणला, थंड पाण्याने तोंड धुतलं, कॉफी पाजायचा प्रयत्न केला आणि झोपवलं. सकाळी ठीक होता. बरोबर केलं ना आम्ही? – सोफोमोर (दुसरं वर्ष)

नाही रे. नशीब चांगलं होतं तुमचं, एवढंच.

रागावत नाहीये, कारण ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ हे वाक्य मी इतक्या पोरांच्या तोंडून ऐकलंय की मोजदाद सोडलीये. पण हेच वाक्य माणसं मारतं. का ते सांगते. शरीर साधारण तासाला एक ड्रिंक एवढीच दारू संपवतं, आणि ड्रिंक म्हणजे इथल्या हिशोबाने 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे 12 औंस साधी बिअर किंवा 5 औंस वाइन किंवा दीड औंस कडक दारू. पार्टीतल्या त्या लाल कपात कोणी मापून ओततं का? एका कपात तीन ड्रिंक्स सहज बसतात. त्याने झोपायच्या अर्ध्या तासात चार शॉट्स मारले असतील तर ती दारू अजून पोटातच आहे, रक्तात चढायची बाकी आहे, म्हणजे तुम्ही झोपवलंत तेव्हा तो उतरत नव्हता, चढत होता. दारू जास्त झाली की मेंदूचा जो भाग श्वास चालू ठेवतो तोच मंदावतो, आणि उलटी आली तर ठसका लागून ती बाहेर यायची सोय राहत नाही, ती फुप्फुसात जाते. कॉफीने यातलं काहीही बदलत नाही. अर्धवट शुद्धीतल्याच्या तोंडात काही ओतणं म्हणजे गुदमरायला मदत करणं. थंड पाण्याचा शॉवर तर आणखी वाईट, अंग आधीच गार पडत असतं आणि त्यात घसरून डोकं आपटतं ते वेगळंच.

मग बघायचं काय? हलवलं, हाक मारली, खांद्याला जोरात चिमटा काढला तरी उठत नाही. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंद जातात (मोबाइलवर मोज, अंदाज नको). ओठ-नखं निळसर, त्वचा गार आणि चिकट, फिट येणं, झोपेत उलटी. यातलं एकसुद्धा दिसलं तर 911. सगळी लक्षणं जमायची वाट बघायची नाही. आणि डोक्यावर पडला असेल तर तू डॉक्टर बनायला जाऊच नकोस, सरळ फोन.

फोनवर आधी पत्ता सांगायचा, बिल्डिंग, मजला, खोली, मग ‘उठत नाहीये, श्वास नीट नाही’. किती प्यायला, सोबत काही गोळी घेतली का, खरं सांगायचं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कुशीवर वळवून ठेव, वरचा गुडघा पुढे दुमडलेला, तोंड किंचित खाली. पाठीवर दप्तर लावून झोपवायचा जुगाड पोरं करतात म्हणजे तो उताणा होणार नाही, ठीक आहे, पण दप्तर लावून दुसऱ्या खोलीत गेम खेळायला जायचं नाही. कोणीतरी जवळ पाहिजे, आणि श्वास थांबलाच तर फोन चालूच असतो, पलीकडची व्यक्ती सीपीआर कसा द्यायचा ते सांगते.

पेन स्टेट युनिव्हर्सिटीचं 2017 चं प्रकरण मी प्रत्येक बॅचला सांगते. फ्रॅटर्निटीच्या (कॉलेजातल्या मुलांच्या क्लबच्या) कार्यक्रमात एकोणीस वर्षांचा मुलगा, भरपूर पाजलेली, जिन्यावरून पडला. घरात पोरं होती, त्याला सोफ्यावर ठेवलं, इकडून तिकडे हलवलं, आणि 911 ला फोन गेला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, जवळजवळ बारा तासांनी. तो वाचला नाही. नंतर पेनसिल्व्हेनियात त्याच्या नावाने रॅगिंगविरोधी कायदा झाला, 2018 मध्ये.

मी एफ-वन व्हिसावर एमएस करतेय. अमेरिकन पोरांचं ठीक आहे, आम्ही फोन केला आणि पोलीस आले तर व्हिसाचं काय? खरं सांगा, उगाच धीर नको. – 24, टेक्सास

खरंच सांगते, म्हणून जरा लांब होईल.

तुझी भीती हवेतली नाही. ॲम्नेस्टी ही कॉलेजची आणि राज्याची गोष्ट आहे, इमिग्रेशन फेडरल आहे, आणि राज्याच्या सवलतीने फेडरल सरकार बांधलं जात नाही. ड्रग्जचा गुन्हा सिद्ध झाला तर नागरिक नसलेल्याला देशाबाहेर काढता येतं, त्यात सूट एवढीशीच, एकदाच, स्वतःपुरता, 30 ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा. एखाद्या राज्यात गांजा दुकानात मिळत असला तरी फेडरल कायद्यात तो बेकायदाच, त्यामुळे गांजाच्या गमीज (गोळ्या-चॉकलेटसारखा खाऊ) खाल्ल्याचं व्हिसा इंटरव्ह्यूमध्ये कबूल केलं तरी पंचाईत होऊ शकते. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर नुसत्या अटकेवर व्हिसा रद्द करण्याचा प्रकार 2015 पासून चालू आहे. व्हिसाच्या अर्जात, म्हणजे डीएस-160 फॉर्ममध्ये, अटकेबद्दलचा प्रश्न आहे, माफी मिळाली असली तरी सांगा असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि 2025 च्या एप्रिलमध्ये किरकोळ पोलीस केसवरूनसुद्धा कित्येक परदेशी विद्यार्थ्यांची सेव्हिस रेकॉर्ड्स (सरकारी नोंदी) बंद केली होती, कोर्टकचेऱ्यांनंतर परत चालू झाली, पण त्या दिवसांत पोरांची झोप उडाली होती हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आता दुसरी बाजू, जी कोणी सांगत नाही. 911 ला फोन करणं म्हणजे अटक नव्हे. पॅरामेडिक पोलीस नसतात. हॉस्पिटलची रक्ततपासणी हिपा कायद्याखाली खासगी असते, डॉक्टर ती आपणहून इमिग्रेशनला पाठवत बसत नाहीत. आणि व्हिसावरच्या मुलांना सगळ्यात जवळचा धोका वेगळाच असतो, कॉलेजने सस्पेंड केलं की एनरोलमेंट गेली, एनरोलमेंट गेली की स्टेटस गेलं. कॉलेजची ॲम्नेस्टी नेमकी तिथे वाचवते. म्हणजे अमेरिकन रूममेटपेक्षा तुलाच तिची जास्त गरज आहे! टेक्सासमध्ये दारूसाठी एकवीसच्या आतल्यांना संरक्षण 2011 पासून आहे, ड्रग ओव्हरडोसचा कायदा 2021 चा आणि तो बराच आखडता आहे, तेव्हा तू तुझ्या युनिव्हर्सिटीचा नियम नीट बघ, ड्रग्ज त्यात धरलेत का ते आधी.

रात्री पोलीस आलेच तर नाव सांग, मैत्रिणीच्या तब्येतीबद्दल जे माहीत आहे ते सगळं सांग. ‘मीपण घेतलं’ हे मात्र पोलिसांना सांगायची जबरदस्ती तुझ्यावर नाही, गप्प राहायचा हक्क व्हिसावरच्या माणसालाही आहे. खोटं बोलायचं नाही, कुठलाही कागद न समजता सही करायची नाही. दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट लीगल सर्व्हिसेसकडे जा, बऱ्याच ठिकाणी फुकट असतात, आणि इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय कुठला आरोप मान्य करू नकोस. साधा दंड वाटणारी कबुलीसुद्धा इमिग्रेशनच्या हिशोबात शिक्षा धरली जाऊ शकते.

आणि एक, फोन न करता मैत्रीण गेली तर पोलीस त्या खोलीत येणारच आहेत, आणि त्या वेळी ॲम्नेस्टी नसेल.

हे सगळं ठीक, पण अशाने पोरं बिनधास्त प्यायला लागणार नाहीत का? आणि आमचा मुलगा हॉस्पिटलमध्ये गेला तर कॉलेज आम्हाला कळवणार की नाही? फी आम्ही भरतो. – एक बाबा

पहिल्याचं उत्तर कॉर्नेलनेच तपासलं होतं. नियम आल्यावर पुढच्या दोन वर्षांत दारूसाठी मदतीचे फोन वाढले, पिण्याचं प्रमाण मात्र तसं वाढलं नाही, आणि हॉस्पिटलमधून आल्यावर समुपदेशनाला बसणाऱ्यांची संख्याही बरीच वाढली. अहो, शुक्रवारी संध्याकाळी कुठला पोरगा ‘ॲम्नेस्टी आहे, चला आज ॲम्ब्युलन्सने जाऊ’ म्हणून प्यायला बसतो? शिवाय ही सवलत कोरी नसते, बहुतेक ठिकाणी नंतर डीनला किंवा आमच्यासारख्यांना भेटावं लागतं, दारूवरचा कोर्स करावा लागतो, टाळला तर सवलत रद्द.

कळवण्याचं असं की अठरा झालं की कॉलेजचं रेकॉर्ड मुलाचं, सहसा त्याला विचारल्याशिवाय घरी सांगत नाहीत, तोच फेर्पा कायदा. पण 1998 पासून त्यात बदल आहे, मुलगा 21 च्या आत असेल आणि दारू-ड्रग्जचा नियम मोडला असेल तर कॉलेज आईवडिलांना सांगू शकतं, जिवावरचं असेल तर तसंही सांगू शकतं. ‘शकतं’, सांगितलंच पाहिजे असं नाही. काही कॉलेजं प्रत्येक वेळी घरी फोन करतात, काही कधीच नाही. तुम्हाला मनापासून एक सांगू का? तुम्हाला कळेल या भीतीने त्याने फोन केला नाही असं होऊ देऊ नका. ‘तू आधी 911 लाव, मी त्या रात्रीबद्दल ओरडणार नाही’ हे त्याला आत्ताच सांगून ठेवा आणि मग खरंच ओरडू नका. घरातली ॲम्नेस्टी कुठल्याच हँडबुकमध्ये नसते.

मी 22, रूममेट 19. बिअर मीच आणून दिली होती. मला ॲम्नेस्टी मिळेल? – सीनियर

प्यायल्याबद्दल तुझ्यावर काही नाहीच, तू एकवीसच्या वर आहेस. पण अल्पवयीनाला दारू पुरवणं हा वेगळा गुन्हा आहे आणि बऱ्याच राज्यांत ॲम्नेस्टी तो झाकत नाही, तसंच ड्रग्ज विकणं, मारहाण, रॅगिंग, लैंगिक अत्याचार हेही झाकत नाही. कॉलेजं मात्र फोन कोणी केला हे बघतात, वकीलही आधी तेच विचारेल. फोन करायचाच.

परीक्षेसाठी कोणीतरी ॲडरॉलची, म्हणजे लक्ष लागायची गोळी देतो म्हणतोय. एकच गोळी. आणि नार्कन ठेवावं का? – ज्युनियर

गोळी नको. मेडिकल स्टोअरच्या बाटलीतून तुझ्या नावाने आलेली नसेल तर ती ॲडरॉल आहे कशावरून? बाजारात फिरणाऱ्या खोट्या गोळ्या हुबेहूब असतात आणि आत फेंटानिल निघतं, अफूच्या जातीचं (ओपिऑइड) भयंकर कडक ड्रग, ज्याचे दोन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात, म्हणजे मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी.

नार्कन, म्हणजे ओपिऑइडचा असर उतरवणारं औषध, मात्र ठेव. 2023 पासून प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं, आमच्यासारखी बरीच हेल्थ सेंटर्स फुकट देतात. डबीत नाकात मारायचे दोन स्प्रे असतात. माणूस उठत नाही, श्वास अगदी हळू, घशातून घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तर एक मार, 911 लाव, दोन-तीन मिनिटांत फरक नाही तर दुसरा दुसऱ्या नाकपुडीत. ओपिऑइड नसेल तर त्याने नुकसान होत नाही, आणि नुसत्या दारूवर ते चालत नाही. उठून बसला तरी ॲम्ब्युलन्स परत पाठवू नका, कारण नार्कनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि फेंटानिल तेव्हाही अंगात असू शकतं.

ॲम्ब्युलन्सचं बिल कोण भरणार? मित्राने मला नंतर ऐकवलं, ‘कशाला बोलावलीस?’ – फ्रेशमन

बिल त्याचं, आणि ॲम्नेस्टीचा बिलाशी काही संबंध नाही. काही कॅम्पसवर विद्यार्थ्यांचीच ॲम्ब्युलन्स सेवा आहे आणि ती पैसे घेत नाही, तुमच्याकडे आहे का ते विचारून ठेव. इमर्जन्सी रूमला 1986 च्या कायद्याप्रमाणे पैसे आहेत की नाही न बघता आधी तपासून स्थिर करावंच लागतं, बिल नंतर येतं. आलं की त्याने लगेच भरू नये, आधी इन्शुरन्सकडे जाऊ दे, मग हॉस्पिटलच्या फायनान्शियल असिस्टन्सचा फॉर्म मागायचा, तपशीलवार बिल मागायचं आणि हप्ते पाडून घ्यायचे. फॉर्म भरायला तू सोबत बस, तोवर त्याचा राग उतरेलही.