तेवीस किलोत काय काय बसवू?

यावेळी नोकरीसाठी परदेशी निघालेल्यांची बरीच पत्रं आलीत आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, काय नेऊ नि काय ठेवू. सगळी छापणं शक्य नाही, म्हणून ज्यांचा प्रश्न थोडा वेगवेगळा आहे तेवढी घेतलीत.

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात जॉईन व्हायचंय, करार तीन वर्षांचा आहे. तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि हातातली एक छोटी एवढंच चालतं. पण घरात रोज कोणीतरी काहीतरी आणून देतंय, हे तिकडे मिळणार नाही, ते महाग पडेल, आणि नाही म्हटलं की रुसवेफुगवे. आत्ताच दोन्ही बॅगा तिशीच्या पुढे गेल्यात. नेटवरच्या याद्या वाचून तर डोकंच फिरलंय. काढायला सुरुवात कुठून करू? (गोंधळलेली)

आधी त्या याद्या बंद कर. यादी लिहिणाऱ्याला काय माहीत तू कुठल्या देशात चाललीस, तिकडे थंडी सुरू होतीये की उन्हाळा, कंपनी पहिले काही दिवस हॉटेलात ठेवणारे की थेट रिकाम्या घराची किल्ली हातात देणारे. हे तीन प्रश्न एचआरला आजच मेल करून विचार, त्या उत्तरांवरच अर्धी बॅग ठरेल.

मग एकेक वस्तू हातात घे आणि एवढंच विचार की पहिल्या महिन्यात ही नसली तर माझं काय अडेल? तीन वर्षांच्या हिशोबाने भरायला बसलीस तर जहाजही पुरणार नाही. टॉवेल, हँगर, शाम्पू, छत्री, डबे हे जिथे माणसं राहतात तिथे मिळतंच. चादरी तर मुळीच नको, प्रत्येक देशात गाद्यांची मापं वेगळी असतात, इथली चादर तिथल्या गादीला एकतर तोकडी पडते नाहीतर लोंबत राहते.

जे खरंच अडतं ते कागद, आणि त्यांना वजन जवळजवळ नाहीच. डिग्री, मार्कशीट, जन्मदाखला, लग्न झालं असेल तर त्याचा दाखला, जुन्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं, लसीकरणाच्या नोंदी. यातल्या कशावर अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, लागेल ते आत्ताच विचारून घे, कारण अपॉस्टिल ज्या देशाने कागद दिला त्याच देशात होतं, तिकडे पोचल्यावर कळलं तर कागद कुरियरने परत पाठवा, कोणाला तरी खेटे घालायला लावा आणि तोवर व्हिसाचं नाहीतर बँकेचं काम लटकलेलं. हे १९६१ च्या हेग करारातून आलंय आणि सगळे देश त्यात नाहीत, चीनमध्ये नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून लागू झालं. करारात नसलेल्या देशासाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो आणि त्याला जास्त वेळ जातो. ओरिजिनल सगळे हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये एकही नको, आणि स्कॅन कॉपी स्वतःच्या मेलवर, ऑफिसच्या नाही.

गाडी चालवणार असशील तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटसुद्धा निघायच्या आधीच काढ, ते लायसन्स देणाऱ्या देशातच मिळतं. त्यातही १९४९ च्या करारातलं आणि १९६८ च्या करारातलं असे दोन प्रकार आहेत, जपानमध्ये पहिलंच चालतं. आणि कायमचं रहायला गेल्यावर बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांनी तिथलंच लायसन्स घ्यावं लागतं, म्हणजे परमिट हे पहिल्या दिवसांपुरतंच.

आणखी एक बिनवजनाची गोष्ट, तुझा आत्ताचा मोबाईल नंबर. बँकेचे ओटीपी त्याच्यावर येतात ना? मग तो बंद पडू देऊ नकोस, रोमिंगवर मेसेज येतात का ते निघण्याआधी बघ, नाहीतर परक्या देशात स्वतःचेच पैसे काढायला नाकी नऊ येतील.

आता कपडे. आठवड्याभराचे ऑफिसचे, आठवड्याभराचे साधे, बास. जाड कोट इथून घेऊन जायच्या भानगडीत पडू नकोस, खरी थंडी असलेल्या देशात तिथल्या थंडीला पुरणारा कोट तिथेच मिळतो, तुला फक्त एअरपोर्टपासून घरापर्यंत आणि मग दुकानापर्यंत जाता येईल एवढं हवंय. जो सगळ्यात जड बूट असेल तो पायात, जे जॅकेट असेल ते अंगात, वजनकाट्यावर तुला कोणी उभं करणार नाहीये. दक्षिण गोलार्धात चाललीस तर जून ते ऑगस्ट थंडी असते हे लोक हमखास विसरतात. बुटांचं मात्र बघ, पाय फार मोठा किंवा फार लहान असेल तर काही देशांत माप शोधताना पायपीट होते, तेव्हा एक जास्तीचा जोड नेलास तर मी काही म्हणणार नाही.

वजन वाढलं तर पैसे भरून सुटू असंही धरून चालू नकोस. एक बॅग बत्तीस किलोच्या वर गेली की बहुतेक विमान कंपन्या पैसे दिले तरी घेत नाहीत, उचलणाऱ्या माणसांच्या पाठीसाठी तो नियम आहे, मग काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून बसायची वेळ येते. आणि रुसव्याफुगव्यांचं म्हणशील तर दोष सरळ विमान कंपनीवर ढकल, तिच्यावर कोणी रुसत नाही.

प्रश्न : मी रोज झोपेची आणि अजून एक मानसोपचाराची गोळी घेतो. वर्षाचा साठा नेऊ का? प्रिस्क्रिप्शन आहे. (एक वाचक)

प्रिस्क्रिप्शन आहे म्हणून सगळीकडे चालेल असं नाही, आणि इथे चूक झाली तर ती नुसत्या दंडावर भागत नाही. जपानमध्ये अँफेटामाइन असलेली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, ते १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तेही नाही. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरमध्ये झोपेच्या आणि मानसोपचाराच्या बऱ्याच औषधांना आधी परवानगी काढावी लागते. म्हणून तिकीट काढलं त्याच आठवड्यात त्या देशाच्या आरोग्य खात्याची साईट बघा. व्हिएन्नाच्या इंटरनॅशनल नार्कोटिक्स कंट्रोल बोर्डाच्या साईटवरही देशवार नियम मिळतात.

वर्षाचा साठा बहुतेक ठिकाणी चालत नाही, एक ते तीन महिने हीच साधारण मर्यादा असते. तेवढ्यात तिकडचा डॉक्टर गाठायचा. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या, त्यात ब्रँडचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि डोस, कारण तुमचा ब्रँड तिकडच्या केमिस्टने ऐकलेलाही नसेल. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, जागा वाचवायला एका डबीत ओतू नका, अशी बिननावाची डबी बघून कस्टमवाल्याला नको ती शंका येते. सगळं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांसाठी पण सांगून ठेवते, ते चेक-इनमध्ये कधीच नको, सामानाच्या कप्प्यात गोठू शकतं आणि गोठलेलं वापरता येत नाही.

जाता जाता, दात आणि डोळे दाखवूनच निघा. नव्या देशात इन्शुरन्स सुरू व्हायला वेळ लागतो आणि दातांचा खर्च त्यात बऱ्याचदा नसतोच. चष्म्याचा एक जास्तीचा जोड आणि नंबरचा कागद बरोबर असू द्या.

प्रश्न : इस्त्री, हेअर ड्रायर, ट्रिमर, लॅपटॉप, दोन पॉवर बँक. अडॅप्टर घेतलाय, मग चालेल ना सगळं? (गॅजेटवाला)

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो रे, व्होल्टेज नाही. प्रत्येक चार्जरच्या पोटावर बारीक अक्षरात इनपुट लिहिलेलं असतं, मोबाईलची टॉर्च लावून वाच. १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर जगात कुठेही लाव, लॅपटॉप आणि फोनचे चार्जर जवळपास सगळे असेच असतात, ट्रिमरचा बघून घे. हेअर ड्रायर आणि इस्त्रीवर मात्र सहसा एकच आकडा असतो. युरोपात २३०, अमेरिकेत १२०, जपानात १००. २३० ची इस्त्री १२० वर लावली तर नुसती कोमट होत बसेल, आणि १२० चा ड्रायर २३० ला लावलास तर वास येईल, मग धूर. ट्रान्सफॉर्मर घेऊ म्हणशील, तर ड्रायरएवढा लोड ओढणारा ट्रान्सफॉर्मर ड्रायरपेक्षा कितीतरी जड असतो. त्यामुळे दोन्ही वस्तू कोणाला तरी देऊन टाक.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त केबिनमध्ये. बॅटरीची क्षमता १०० वॉट-अवरपर्यंत असेल तर साधारण प्रश्न येत नाही, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी. वॉट-अवर लिहिलेलं नसेल तर एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भाग, म्हणजे वीस हजारवाली ७४ भरते आणि सत्तावीस हजारवाली शंभराच्या अगदी काठावर. काही कंपन्यांचे नियम याहून कडक आहेत, तिकिटावरची लिंक उघडून बघ.

प्रश्न : आम्ही चौघं चाललोय, कंपनी सामानाचा खर्च देणारे, विमानाने किंवा जहाजाने, आम्ही ठरवायचं. नवऱ्याचं म्हणणं फर्निचरसकट सगळं नेऊ, फुकट तर आहे. शिवाय निघायच्या आधी नवीन टीव्ही वगैरे घेऊन टाकू. (दोघांत वाद चाललाय)

वादात मी तुमच्या बाजूने आहे असं समजा. नवीन टीव्हीचं आधी. वापरलेलं घरसामान बऱ्याच देशांत ड्युटी न भरता नेता येतं, पण ते खरोखर वापरलेलं लागतं. युरोपियन युनियनमध्ये किमान सहा महिने वापरातलं, अमेरिकेत वर्षभर. निघायच्या आदल्या आठवड्याचं बिल असलेला टीव्ही म्हणजे ड्युटीला आमंत्रणच, वर व्होल्टेज जुळेल की नाही हा प्रश्न आहेच.

विमान की जहाज, तर विमानाने पाठवताना फक्त वजन मोजत नाहीत, आकारमानही मोजतात, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००. उशा आणि रजयांचा एक खोका धरा, ६० बाय ५० बाय ४०, काट्यावर सहा किलो असला तरी बिल वीस किलोचं. कंपनीने रकमेची मर्यादा घातली असेल तर ती अशीच उशांवर उडते. म्हणून विमानाने थोडंच, जे महिन्याभरात लागेल ते, मुलांची शाळेची पुस्तकं, आवडती खेळणी, तुमच्या कामाची अवजारं. बाकी जहाजाने, आणि ते काही आठवडे ते काही महिने कधीही येईल असं धरून चाला, कारण पोचलं तरी तुमचे रहिवासाचे कागद होईपर्यंत कस्टममध्ये पडून राहू शकतं. वीस फुटी कंटेनरात साधारण ३३ घनमीटर मावतं, तुमचं तेवढं नसेल तर दुसऱ्यांबरोबर शेअर करायचा, फक्त तो भरेपर्यंत थांबावं लागतं.

फर्निचर? तिकडचं घर बघितलंय का? जिन्याचं वळण, लिफ्टचं दार, बेडरूमची भिंत यातलं काहीच माहीत नसताना सहा फुटी कपाट समुद्रापार नेणं मला तरी पटत नाही, आणि करार संपल्यावर ते परत आणायचा खर्च कंपनी देईल असं पत्रात लिहिलंय का तेही वाचा. लाकडी पेटी करणार असाल तर तिच्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, म्हणजे लाकूड ५६ अंशाला अर्धा तास तापवून किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने कीडमुक्त केलेलं, नाहीतर बंदरावरच अडवतात.

खोके शक्यतो पॅकर्सना भरू द्या. तुम्ही भरलेल्या खोक्यावर मालकाने भरला असं लिहितात आणि आतलं फुटलं तर विमावाले सहसा हात वर करतात. काचेच्या वस्तूंसाठी हे लक्षात ठेवाच. प्रत्येक खोक्याची यादीही नीट करा, 'किरकोळ' असं लिहिलेला खोका कस्टमवाले आधी उघडतात.

प्रश्न : वडिलांची पत्रं, त्यांची डायरी, घरचे जुने अल्बम. वडील गेलेत. ठेवून जायला जीव होत नाही आणि न्यायची भीती वाटते. (नाव नको)

सगळं आधी स्कॅन करून घ्या, निघायच्या धावपळीत नाही, आत्ता. पानाची मागची बाजूही, फोटोमागे तारीख आणि नावं लिहिलेली असतात. मग त्यातलं एखादं पत्र किंवा डायरी हातातल्या बॅगेत घेऊन जा आणि बाकी तुमच्याइतकंच जपणाऱ्या माणसाकडे ठेवा. चेक-इनमध्ये मात्र नकोच. बॅग हरवली तर विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार भरपाईची कमाल मर्यादा १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, पण पत्रांची भरपाई कुठल्या चलनात घेणार?

डायरी दुसऱ्या कोणाकडे राहिली तरी तुम्ही वडिलांना टाकून गेलात असं होत नाही. हे पत्रात तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच विचारायचं होतं असं वाटलं.

प्रश्न : ट्रेकिंगचे बूट न्यूझीलंडला नेऊ का? (भटक्या)

ने, पण तळव्याच्या खाचांतली माती टूथब्रशने पूर्ण काढून, धुऊन, वाळवून. तिथे आणि ऑस्ट्रेलियातही माती, बिया, लाकडाच्या वस्तू यावर फार कडक नजर असते. विमानात मिळणाऱ्या फॉर्ममध्ये किंवा ऑनलाईन भरायच्या फॉर्ममध्ये बूट वापरलेत असं डिक्लेअर कर, बहुतेक वेळा बघून किंवा साफ करून परत देतात. लपवलं आणि सापडलं तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.