मुलीला डेटा विभागाची प्रमुख व्हायचे आहे, त्यासाठी महागडा अभ्यासक्रम आवश्यक आहे का?

स.न.वि.वि.

इचलकरंजीहून आलेले आपले पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा आशय थोडक्यात देतो. आपल्या मुलीने शिवाजी विद्यापीठातून संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले असून गेली दोन वर्षे ती पुण्यातील एका वित्त कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे. दुचाकीसाठी आणि छोट्या व्यवसायांसाठी कर्ज देणाऱ्या या कंपनीसाठी ती दर सोमवारी थकबाकीचा सविस्तर डॅशबोर्ड (आकडे आणि आलेख एकत्र दाखवणारा संगणकावरचा तक्ता) तयार करते, पण तो फारसे कोणी उघडत नाही, याचे तिला वाईट वाटते. पुढे डेटा विभागाची प्रमुख व्हायची तिची इच्छा आहे आणि त्यासाठी काही लाख रुपये शुल्क असलेला कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम करावा, असे तिला सुचवण्यात आले आहे. आपण यंत्रमाग व्यवसायातले. आकडे तयार करून देणाऱ्याला कंपनी एवढे मोठे पद का देईल, ते पद टिकणारे आहे का आणि या अभ्यासक्रमासाठी पैसे काढावेत का, असे आपण विचारले आहे.

आपली शंका रास्त आहे. नुसते आकडे जुळवून देण्यासाठी कोणतीही शहाणी कंपनी मोठा पगार मोजत नाही. आकड्यामुळे कोणाचा तरी निर्णय बदलला, त्या निर्णयाप्रमाणे प्रत्यक्ष काम झाले आणि त्याचा फरक कंपनीच्या हिशेबात दिसला, तरच विश्लेषणावरचा खर्च वसूल होतो. ही साखळी शेवटपर्यंत जोडून देणे हे डेटा विभागाच्या प्रमुखाचे काम असते, आणि माझ्या मते या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना नेमके हेच सर्वांत कमी शिकवले जाते.

'चीफ डेटा ऑफिसर' हे पद फार जुने नाही. अमेरिकेतील कॅपिटल वन या बँकेने २००२ मध्ये ते निर्माण केले, आणि या पदाचा इतिहास सांगताना बहुधा तिचेच नाव प्रथम घेतले जाते. २००८ च्या आर्थिक संकटात अनेक मोठ्या बँकांना आपली नेमकी किती रक्कम कोणाकडे अडकली आहे हे वेळेवर सांगता आले नाही. त्यानंतर बँक पर्यवेक्षणाच्या बाझल समितीने जानेवारी २०१३ मध्ये जोखमीची माहिती कशी एकत्र करावी आणि कशी कळवावी याची तत्त्वे जाहीर केली, आणि बँकांमध्ये या पदाला मोठे महत्त्व आले. म्हणजे सुरुवातीचा भर नियामकाला बिनचूक माहिती देण्यावर होता. संचालक मंडळे 'या सगळ्यातून आपल्याला मिळाले काय?' असे विचारू लागली ती पुढे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यामुळे ही जबाबदारी आणखी वाढली आहे. जबाबदारी टिकणारीच आहे. त्या खुर्चीवरचा माणूस मात्र वरच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकला तरच टिकतो.

आता आपल्या मुलीच्या सोमवारच्या डॅशबोर्डकडे वळू. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की ते खाते अनुत्पादक, म्हणजे वसुलीची खात्री नसलेले, धरले जाते, आणि त्याआधी ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६० दिवस व ६१ ते ९० दिवस अशा टप्प्यांत थकबाकीची नोंद ठेवली जाते. तिच्या डॅशबोर्डवर शाखानिहाय हेच टप्पे रंगीत स्तंभांत दिसत असणार. पण शाखा व्यवस्थापकाच्या जागी बसून पाहावे. आपल्या शाखेची थकबाकी वाढली आहे हे त्याला सोमवारच्या आधीच ठाऊक असते, कारण त्याबद्दल वरिष्ठांचा फोन येऊन गेलेला असतो. त्याची अडचण वेगळी आहे. हाताशी वसुलीची चार माणसे आणि थकलेली खाती तीनशे असतील, तर आज सकाळी कोणाच्या दारी माणूस पाठवायचा, कोणाला फोन करायचा आणि कोणाला नुसता संदेश पाठवला तरी चालेल, हे त्याला हवे असते. डॅशबोर्ड याबाबत काहीच सांगत नाही, म्हणून तो उघडला जात नाही. आपल्या शेडमधील पाळीच्या वहीत किती मीटर कापड निघाले एवढेच लिहिलेले असेल आणि माग सूत तुटल्याने थांबला, बीम संपल्याने थांबला की वीज गेल्याने, हे नसेल, तर ती वही वाचून माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने काय दुरुस्त करावे?

उत्तर बहुधा कंपनीच्याच नोंदींत असते. एखाद्या कर्जदाराचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला बाउन्स होतो आणि १० तारखेच्या आत तो स्वतःहून भरतो, असे वर्षभर दिसत असेल, तर त्याचा पगार बहुधा ७ तारखेला होत असावा. त्याच्या घरी माणूस पाठवणे म्हणजे पेट्रोल आणि वेळ वाया घालवणे, शिवाय चांगला ग्राहक दुखावणे. त्याच्या हप्त्याची तारीख बदलून दिली की प्रश्न मिटतो. याउलट वर्षानुवर्षे वेळेवर भरणाऱ्या दुकानदाराचा हप्ता सलग दोन महिने अर्धाच येत असेल, तर त्याच्याशी कोणीतरी ताबडतोब बसून बोलायला हवे. अशी रोजची छोटी यादी, प्रत्येक नावापुढे काय करावे याच्या एका ओळीसह, सकाळी नऊच्या आत व्यवस्थापकाच्या मोबाइलवर पोहोचली, तर ती उघडली जाईल.

यादी उपयोगी पडली हे सिद्धही करावे लागते. दिवाळीच्या सुमारास बोनस हाती आला की वसुली सुधारतेच, आणि नेमक्या त्याच वेळी यादी सुरू झाली असेल तर श्रेय कोणाचे, यावर वाद होतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाखांना यादी द्यावी, निम्म्या काही महिने जुन्याच पद्धतीने चालू द्याव्यात आणि मग दोन्हींची तुलना करावी. हे तिला नवीन नाही, एम.एस्सी.ला प्रयोगांच्या आखणीत तिने हेच शिकले आहे. दोन गटांतील फरक खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या ज्या टी-चाचणीची गणिते तिने सोडवली असतील, ती विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केली. तेव्हा ते डब्लिनच्या गिनेस या बिअर बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते, आणि मोजक्या नमुन्यांवरून खात्रीने काय म्हणता येईल हा त्यांच्या रोजच्या कामातलाच प्रश्न होता.

हे काम मोठ्या प्रमाणावर कसे होते, याचे मला सर्वांत शिकण्यासारखे वाटणारे उदाहरण अमेरिकेतील यूपीएस या पार्सल कंपनीचे आहे. प्रत्येक चालकाने दिवसाला एक मैल कमी गाडी चालवली तर कंपनीचे वर्षाला ५ कोटी डॉलरपर्यंत वाचतात, असा हिशेब तिथे मांडलेला होता. जॅक लेव्हिस यांच्या नेतृत्वाखालील गटाने चालकाला दिवसभराच्या थांब्यांचा क्रम सुचवणारी 'ओरायन' ही प्रणाली अनेक वर्षे खपून तयार केली. गणिताने काढलेला सुरुवातीचा मार्ग कागदावर छोटा होता, पण चालकांना तो पटेना. नकाशांत माल जिथे उतरवायचा त्या दरवाजांच्या जागा चुकलेल्या होत्या, आणि रोज नवा क्रम आला की चालकाची हातातली सवय मोडत होती. त्या गटाने नकाशे दुरुस्त केले, काही मैलांची बचत सोडून देऊन क्रमात सातत्य ठेवले आणि प्रणाली टप्प्याटप्प्याने केंद्राकेंद्रांवर नेली. अमेरिकेतील सुमारे ५५,००० मार्गांवर ती पोहोचली तेव्हा वर्षाला सुमारे १० कोटी मैल आणि १ कोटी गॅलन इंधन वाचत होते, आणि कंपनीने वार्षिक फायदा ३० ते ४० कोटी डॉलर सांगितला. २०१६ मध्ये या कामाला ऑपरेशन्स रिसर्चमधील (गणिताच्या आधारे कामकाज सुधारण्याच्या शास्त्रातील) प्रतिष्ठेचा फ्रांझ एडेलमन पुरस्कार मिळाला. या यशाचे सर्व श्रेय अल्गोरिदमला, म्हणजे मार्ग काढणाऱ्या गणिती पद्धतीला, देणे मला चुकीचे वाटते. चालकाला तो मार्ग पटावा यासाठी जे कष्ट घेतले गेले, ते तितकेच मोलाचे होते.

केवळ अचूकतेच्या मागे लागण्याचा धोकाही सांगायला हवा. नेटफ्लिक्सने प्रेक्षकाला कोणता चित्रपट आवडेल याच्या शिफारशींची अचूकता १० टक्क्यांनी वाढवणाऱ्या चमूला २००९ मध्ये १० लाख डॉलरचे बक्षीस दिले, पण विजेते संपूर्ण मॉडेल (अंदाज काढणारी गणिती रचना) कधी वापरात आणलेच नाही. ते बसवण्याच्या कष्टाच्या मानाने मिळणारा फायदा पुरेसा नव्हता. झिलो ही अमेरिकी कंपनी गणिती अंदाजाच्या आधारे स्वतः घरे विकत घेऊन विकत होती. घरांच्या भावाचा अंदाज पुरेसा भरवशाचा ठरत नाही हे लक्षात आल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये तिने तो व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले आणि सुमारे एक चतुर्थांश कर्मचाऱ्यांना नारळ दिला. मॉडेलच्या अंदाजावर किती पैसे लावायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरवताना डेटा विभागाच्या प्रमुखाने तोंड उघडायचे असते.

या पदाच्या रोजच्या कामात चकचकीत काही नसते. वसुली विभाग हप्ता मिळाल्याची तारीख म्हणून प्रतिनिधीने रोख घेतली तो दिवस धरतो आणि वित्त विभाग बँकेत रक्कम जमा झाली तो दिवस धरतो. मग एकाच महिन्याच्या वसुलीचे दोन आकडे बैठकीत येतात आणि सगळा वेळ कोणाचा आकडा खरा यातच जातो. दोन्ही विभागांना समोरासमोर बसवून एक व्याख्या लेखी ठरवून घेणे, हे कोणत्याही मॉडेलपेक्षा आधीचे काम आहे. नियमांचे भानही इथेच लागते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार वसुलीसाठी कर्जदाराला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. रात्री नऊला फोन केला तर वसुली जास्त होते असे आकड्यांत दिसले, तरी ते करता येणार नाही हे डेटा विभागाच्या प्रमुखाने स्वतः सांगितले पाहिजे.

म्हणून अभ्यासक्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आज त्यासाठी पैसे काढू नयेत. तिचा संख्याशास्त्राचा पाया पक्का आहे आणि मॉडेल तयार करण्याची नवी साधने ती थोड्या खर्चात, काम करता करता शिकू शकेल. तिला कमी पडतो तो धंद्याचा अनुभव, आणि तो तिच्या सध्याच्या कंपनीतच आहे. वरिष्ठांची परवानगी घेऊन तिने काही दिवस एखाद्या शाखेत बसावे आणि वसुलीच्या माणसाबरोबर गावोगाव फिरावे. कंपनीचा वार्षिक अहवाल वाचावा. कंपनी स्वतः पैसे कोणत्या व्याजाने उभे करते आणि एक खाते अनुत्पादक झाले की नफ्यातून किती तरतूद करावी लागते, हे समजून घ्यावे. त्यानंतर 'इतकी खाती सावरली' या वाक्यापुढे तिला रुपयांचा आकडा लिहिता येईल. तो आकडा तिने एकटीने काढू नये, वित्त विभागाकडून काढून घ्यावा. त्यांनी मान्य केलेल्या फायद्यावर संचालक मंडळ विश्वास ठेवते. चार-पाच वर्षांनी पूर्णवेळ शिकावेसे वाटलेच, तर आयआयएम कलकत्ता, भारतीय सांख्यिकी संस्था आणि आयआयटी खरगपूर यांचा २०१५ पासून चालणारा व्यवसाय विश्लेषणाचा संयुक्त पदविका अभ्यासक्रम मला विचारात घेण्यासारखा वाटतो. मात्र त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि दोन वर्षे नोकरी सोडावी लागते.

नोकरी लगेच बदलू नये, असेही मला वाटते. वर सांगितलेल्या यादीचा प्रयोग दोन-तीन शाखांपासून सुरू करण्याचा एक पानी प्रस्ताव तिने वसुली प्रमुखांपुढे ठेवावा. आपल्या डेटा विभागाच्या प्रमुखांना त्याची आधी कल्पना द्यावी, म्हणजे कोणाला डावलल्यासारखे वाटणार नाही. सहा महिन्यांत कोणीच दाद दिली नाही, तर दुसरीकडे अर्ज करायला हरकत नाही. तिथल्या मुलाखतीत तिने दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: डेटा विभागाचे प्रमुख कोणाच्या हाताखाली काम करतात, आणि गेल्या वर्षभरात त्यांच्या विश्लेषणामुळे कंपनीने कोणता निर्णय बदलला. दुसऱ्या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळाले, तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी स्वीकारावी.

कळावे,
आपला विश्वासू