पत्ते उघडे पडले की

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

पोकरच्या टेबलावर डीलरची, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या मुलीची, चूक दिसूनही तू गप्प राहिलीस, त्याबद्दलचा तुझा लांबलचक मेसेज सकाळी वाचला. पाठवल्याची वेळ पहाटे साडेतीनची होती, म्हणजे कॅसिनोच्या बोटीवरून उतरलीस आणि खोलीवर जाऊन आधी हेच लिहिलंस. पैसे तुझे गेले नव्हते, तरी तुला झोप लागली नाही, याचं मला बरं वाटलं.

तो डाव आधी नीट मांडू. टेबलावर सगळ्यांसाठी उघडे पाच पत्ते: एक्का, राजा, दोन नव्व्या आणि चव्वी. एकाच्या हातात एक्का-राणी, दुसऱ्याच्या एक्का-सत्ती. दोघांनी पत्ते उघडे टाकले. डीलरने राणी मोठी म्हणून सगळा पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, पहिल्याकडे सरकवला आणि दुसऱ्याने मान हलवून आपले पत्ते पुढे लोटले. तुला शंका आली होती आणि ती बरोबर होती. टेबलावरचे पाच आणि हातातले दोन, अशा सात पत्त्यांतून उत्तम पाच निवडायचे असतात. दोघांचेही पाच तेच होतात: दोन एक्के, दोन नव्व्या आणि पाचवा टेबलावरचा राजा. राणी आणि सत्ती दोन्ही बाद. पॉट निम्मा निम्मा व्हायला हवा होता. ही चूक अनुभवी डीलरकडूनही होते, कारण हातातला मोठा पत्ता डोळ्यांत भरतो आणि टेबलावरचा राजा विसरला जातो.

तू त्या डावातून आधीच बाहेर पडली होतीस, म्हणून गप्प राहिलीस. नंतर शेजारच्या माणसाने सांगितलं की डावात नसणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं. अर्धी गोष्ट त्याने खरी सांगितली. डाव चालू असताना, म्हणजे कुणीतरी अजून विचार करतोय, पैसे लावायचे की पत्ते टाकायचे हे ठरवतोय, तेव्हा बाहेरच्याने खरंच अवाक्षर काढू नये. तीन बदाम दिसले म्हणून ‘फ्लश (पाचही पत्ते एकाच प्रकारचे) असेल हं’ म्हणू नये. आपण कोणते पत्ते टाकले ते सांगू नये. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, आपलाच टाकलेला पत्ता जुळला म्हणून हळहळूही नये, कारण तुझा सुस्काराही समोरच्याला काहीतरी सांगून जातो. एका हातामागे, म्हणजे एकाच्या पत्त्यांमागे, एकच डोकं, हा पोकरचा फार जुना नियम आहे. आणि कुणी जिंकणारे पत्ते न दाखवता उलटे टाकून दिले, तर तेही त्याचं त्याच्यापाशी.

पण पत्ते उघडे पडले की गोष्ट बदलते. आता ठरवायचं काही उरलेलं नाही, फक्त वाचायचं आणि मोजायचं उरलं आहे. ते काम सगळ्या टेबलाचं. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन नावाची संघटना 2001 साली सुरू झाली, तिची नियमावली अनेक देशांतल्या स्पर्धांत वापरतात. खेळाडूच्या जबाबदाऱ्यांत तिने चूक दिसली तर बोलावं, असं साफ लिहिलं आहे. हात वाचण्यात किंवा पॉट देण्यात चूक होत असेल तर डावात असलेल्याने वा नसलेल्याने, कुणीही बोलावं, असंही. कॅश गेमला, म्हणजे स्पर्धा नसलेल्या थेट पैशांच्या खेळाला, जागोजागचे नियम वेगळे असतात, पण या बाबतीत चांगल्या टेबलांची रीत हीच आहे.

तू लिहिलंस, ‘डीलर नवीन मुलगी होती, सगळ्यांसमोर तिची चूक कशी काढू?’ याच वाक्यामुळे मी आज मोबाईल बाजूला ठेवून सविस्तर लिहायला बसलो.

डीलर म्हणून माझं दुसरं वर्ष होतं. गोव्याच्या मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजावर रात्रीची पाळी. तिघे ऑल-इन, म्हणजे आपल्यापुढचं सगळंच लावलेले. एकाकडे 1,200च्या चिप्स, उरलेल्या दोघांचे 3,000-3,000. म्हणजे मुख्य पॉट 3,600चा, त्यात तिघेही; आणि साइड पॉट दुसऱ्या 3,600चा, फक्त त्या दोघांमधला. सर्वांत चांगला हात 1,200वाल्याचा निघाला. मी सगळे 7,200 त्याच्यापुढे सरकवले. ज्याला साइड पॉट मिळायला हवा होता तो बिचारा पहिल्यांदाच खेळत होता, त्याला वाटलं हरलो तर हरलो. मी पुढचा डाव वाटला, त्यानंतर आणखी दोन. जिंकलेले गृहस्थ चिप्स वटवून बोटीने धक्क्याला पोहोचलेसुद्धा. ब्रेकमध्ये तिसऱ्या सीटवरचे एक वयस्क खेळाडू मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “पोरा, मघाचा साइड पॉट चुकला तुझा. सगळ्यांसमोर तुला कशाला ओरडा बसू द्यायचा, म्हणून बोललो नाही.”

त्यांनी माझ्यावर माया केली होती. पण त्या मायेपायी एका माणसाचे 3,600 गेले. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसलं, तरी निकाल फिरवता आला नाही. आणि ओरडा मला बसलाच, जास्तच बसला. त्याच क्षणी ते ‘थांब जरा’ म्हणाले असते तर दहा सेकंदांत चिप्स परत मोजल्या असत्या आणि रात्रीतून मी ते विसरूनही गेलो असतो. डीलरला लाज वाटते ती चूक उशिरा कळली की. वेळेवर टोकणारा खेळाडू मला कायम आवडत आला आहे.

वेळ फार थोडा असतो, हे पक्कं ध्यानात ठेव. डीलरने पुढच्या डावासाठी कॅट पिसायला घेतली की आधीच्या पॉटवर हरकत घ्यायचा हक्क बहुतेक ठिकाणी संपतो. तेव्हा चिप्स हलताना दिसल्या की लगेच, नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हण, “डीलर, एक मिनिट. पत्ते तसेच राहू द्या. मला वाटतं हा पॉट विभागायचा आहे.” ‘तुम्ही चुकलात’ म्हणायची गरज नाही, पत्त्यांबद्दल बोल. बोट दाखव, पण पत्त्याला किंवा चिप्सला हात लावू नकोस. डीलरने ऐकलं नाही तर शांतपणे फ्लोअर मॅनेजरला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, बोलवायला सांग. तो आला की काय दिसलं तेवढंच सांग आणि थांब. निकाल तुला पटला नाही तरी वाद तिथे संपतो. टेबलावरचे दोघे-तिघे कुरकुरतील, खेळ थांबला म्हणून. कुरकुरू देत.

तुझी पिढी पडद्यावर खेळायला शिकली. तिथे सॉफ्टवेअर हात वाचतं, साइड पॉट पैशापर्यंत बिनचूक करतं, पाळी नसताना बटण दाबूच देत नाही. 2025च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि तुमच्यातले बरेचजण खऱ्या टेबलावर येऊन बसले. हात तुमचा चांगला चालतो, पण तपासायची सवय नाही. इथे समोर माणूस पत्ते वाटतोय, रात्रीचे दोन वाजलेत, त्याने शेकडो डाव वाटलेत. प्रत्येक डावात, तू त्यात नसलीस तरी, हात स्वतः वाच आणि पॉट मनात मोज. मोबाईल बघत बसलीस तर चूक दिसणारच नाही.

स्वतःचे पत्ते सांभाळणंही यातच आलं. त्यांच्यावर एक चिप ठेव, विशेषतः डीलरच्या अगदी डाव्या-उजव्या सीटवर असशील तर. तिथले पत्ते डीलर नकळत ओढून नेतो आणि उघडे ठेवलेले सोडून इतर पत्ते ढिगात मिसळले की तुझी दाद कुणी घेणार नाही. पॉट तुझ्यापुढे येईपर्यंत हातचे पत्ते सोडायचे नाहीत. त्या एक्का-सत्तीवाल्याने ते आधीच सोडून दिले. बाकी पाळीनेच खेळणं, मोठ्या चिप्स पुढे ठेवणं, चिप्स पॉटात न भिरकावणं, हे तुला येतंच.

एक प्रश्न तू विचारला नाहीस, पण तो येणार. चुकून पॉट तुझ्याचकडे सरकवला तर? समोरचा गप्प आहे, डीलरच्या लक्षात नाही, फक्त तुला कळलंय. तेव्हाही त्याच आवाजात, तेवढ्याच लगेच बोलायचं. मी असे क्षण डीलरच्या खुर्चीतून पाहिले आहेत. माणूस चिप्स रचत राहतो आणि मान वर करत नाही. बोलणारेही पाहिले, आणि त्यांच्या शेजारची सीट मिळावी म्हणून लोक वाट बघायचे.

परवाच्या त्या माणसाला आता काही देता येणार नाही, तो विषय सोडून दे. शनिवारी घरी ये. काकूंना सांगून ठेवलंय. जेवण झालं की कॅट आणि चिप्स काढू, मी मुद्दाम चुकत वाटेन, तू मला अडवायचं. तिघांच्या ऑल-इनपासून सुरू करू, मग चौघांच्या.

तुझा,
काका